आतलं पॅड बघितलं का? गाडीची ब्रेक पॅडं कधी बदलायची ते स्वतः ओळखायची रीत

तुळजापूरचा घाट उतरत होतो. मंगळवार, देवीचं दर्शन झालेलं, मागच्या सीटवर आई. वळणावर ब्रेकला पाय लावला की पुढच्या डाव्या चाकातून ‘खर्रर्र’ असा आवाज यायचा, जात्यात खडा सापडल्यासारखा. आई म्हणाली, “गाडी दात खातीय का रे?” मी म्हणालो, “खडी अडकली असंल.” एवढं ठामपणे म्हणायला कारणही होतं. आठच दिवसांपूर्वी गाडी धुताना चाकाच्या फटीतून मी ब्रेक पॅड पाहिलं होतं आणि ते चांगलं जाड दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी चाक काढलं. चाचा म्हणजे आमच्या पेठेतले जुने मिस्त्री; बोलतात कमी, पाना जास्त चालवतात. बाहेरचं पॅड खरंच जाड होतं. आतलं मात्र पार संपून नुसती लोखंडी पट्टी डिस्कवर घासत होती, आणि डिस्कवर नांगर फिरवल्यासारख्या सऱ्या पडल्या होत्या. पॅडच्या एका सेटवर भागलं असतं तिथं दोन्ही बाजूंच्या डिस्कही घ्याव्या लागल्या. चाचा एवढंच म्हणाले, “बाहेरचं बघून खूश झालास. आतलं कोण बघणार?”

तेव्हापासून ओळखीत कुणी गाडी घेतली, नवी असो की जुनी, की पेढा तोंडात टाकायच्या आधी मी विचारतो: पुढच्या चाकांची आतली पॅडं कुठून दिसतात, ठाऊक आहे का? बहुतेकांना ठाऊक नसतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच कसा सोडायचा ते शिकवतात, हे शिकवत नाहीत. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. यात ब्रेक खोलायचे नाहीत, पॅडं स्वतः बदलायची नाहीत. फक्त बघायचं, ओळखायचं आणि गॅरेजमध्ये गेल्यावर नेमकं बोलायचं.

आधी चाकाच्या आत काय आहे ते

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढं डिस्क ब्रेक आणि मागं ड्रम ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी म्हणजे डिस्क. तिच्या कडेवर चिमट्यासारखा बसलेला भाग म्हणजे कॅलिपर. या चिमट्यात थाळीच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतं: एक बाहेरच्या बाजूला, एक आत, इंजिनाच्या बाजूला. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबानं दोन्ही पॅडं थाळीला आवळतात. म्हणजे पुढच्या दोन चाकांची मिळून पॅडं चार, आणि दुकानात सेटही चारांचाच मिळतो.

पॅड हातात घेतलं तर दोन थर दिसतात. मागं लोखंडी पट्टी, साधारण ५ मिलिमीटर जाड. तिच्यावर चिकटवलेला काळपट थर, गॅरेजात त्याला नुसतं ‘मटेरियल’ म्हणतात. हे मटेरियल नवीन असताना १० मिलिमीटरच्या आसपास असतं, गाडीप्रमाणे थोडं कमी-जास्त. झिजतं ते एवढंच. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक इथं होते. तो पट्टी आणि मटेरियल मिळून जाडी मोजतो आणि ‘अजून बरंच आहे की’ म्हणून खूश होतो. पट्टी मोजायची नाही. पट्टीवर यायची वेळ आली की ब्रेक संपलाच.

आता आतल्या पॅडचं दुखणं. छोट्या गाड्यांच्या कॅलिपरमध्ये पिस्टन, म्हणजे ऑइलच्या दाबानं पुढं सरकणारा दट्ट्या, एकच असतो, तोही आतल्या बाजूला. पेडल दाबलं की पिस्टन आतल्या पॅडला थाळीवर ढकलतो, आणि त्याच्या उलट्या रेट्यानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचं पॅड ओढून घेतो. या पिना सैल सरकत राहिल्या तर दोन्ही पॅडं सारखी झिजतात. पण त्यांच्यावरचं रबर फाटलं, आत धूळ गेली, ग्रीस वाळलं, की कॅलिपर सरकायला कुरकुर करतो. मग बाहेरचं पॅड आराम करतं आणि सगळा भार आतल्यावर पडतो. सोलापूरची धूळ तुम्हाला मी काय सांगू! सकाळी पुसलेल्या बोनेटवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. तीच धूळ त्या पिनांपाशीही पोचते.

किती किलोमीटरला बदलायची?

या प्रश्नाला मिस्त्री लोक पंचवीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत काहीही सांगतात, आणि गंमत म्हणजे कुणीच खोटं बोलत नाही. एकाची गाडी रोज सात रस्ता, पार्क चौक, नवी पेठ अशी फिरते: रिक्षा आडवी आली, दाब ब्रेक, गाय बसलीय, दाब ब्रेक. दुसऱ्याची गाडी महिन्यातून चारदा पुणे हायवेला जाते आणि तासन् तास ब्रेकला हातच लागत नाही, म्हणजे पाय. एकाच दिवशी घेतलेल्या दोन गाड्यांत पॅडांचं आयुष्य दुपटीनं वेगळं निघू शकतं.

हायवेवाल्यानंही हुरळून जाऊ नये. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवताना पॅडांना पचवावी लागणारी उष्णता चौपट होते. ताशी ४० वरून थांबणं आणि ८० वरून थांबणं यात ब्रेकच्या दृष्टीनं एवढा फरक आहे. ऊसतोडीच्या हंगामात अंधारात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं उगवतो, मागं लाल दिवा नाही, आणि तुम्ही ८० वर आहात. अशा एका दाबण्यात पॅड शहरातल्या कितीतरी सिग्नलांएवढं काम करतं.

बाकी हिशेब सवयींचा. घाट चढायला जो गिअर लागला त्याच गिअरवर उतरलं तर अर्धं काम इंजिन करतं. न्यूट्रलवर टाकून ‘पेट्रोल वाचवत’ उतरणारा त्याच्या कितीतरी पट पैसे पॅडांत घालतो, आणि जीव धोक्यात घालतो तो वेगळाच. सीएनजीची टाकी बसवलेली गाडी जड असते. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक जास्त वापरला जातो. म्हणून किलोमीटरचा आकडा फक्त आठवण करून द्यायला ठेवा: दर ५,००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, डोळ्यांनी बघायचं. गाडी जुनी घेतली असेल तर घेतल्या आठवड्यातच. आधीच्या मालकानं ‘आत्ताच बदललेत’ म्हटलेलं असतं. त्याचं ‘आत्ताच’ दोन वर्षांपूर्वीचंही असू शकतं.

कान काय सांगतो, आणि कुठं फसवतो

बऱ्याच पॅडांच्या लोखंडी पट्टीला पत्र्याची एक वाकडी जीभ लावलेली असते. मटेरियल दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ही जीभ फिरत्या डिस्कला टेकते आणि ‘चींऽऽ’ असा बारीक, कानात घुसणारा आवाज निघतो. हा आवाज मुद्दाम ठेवलेला आहे, गाडी बिघडल्याचा नाही. गंमत अशी की पुष्कळदा तो ब्रेक न दाबता हळू चालताना येतो आणि ब्रेक दाबला की थांबतो किंवा बदलतो. लोकांना वाटतं, ब्रेक दाबल्यावर बंद होतोय म्हणजे ब्रेकचा नाही. तो ब्रेकचाच असतो.

ऐकायचा असेल तर एका बाजूला लांब भिंत असलेल्या गल्लीतून काचा खाली करून, रेडिओ आणि एसी बंद करून, २० च्या वेगानं जा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि कुठल्या बाजूच्या चाकाचा आहे तेही कळतं. बंद काचेच्या गाडीत हा आवाज महिनोन् महिने ऐकू येत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात काचा उघडतो कोण?

पण ही जीभ सगळ्या पॅडांना नसते. असली तरी कधी चारांपैकी दोनांनाच असते, आणि स्वस्तातल्या पॅडांत तर ती गाळलेलीच असते. माझ्या गाडीला नव्हती. म्हणून ‘आवाज आला की बघू’ हा हिशेब चुकीचा. आवाज आला तर पॅड संपत आलं, हे बहुधा खरं. आवाज नाही म्हणजे पॅड चांगलं, हे अजिबात खरं नाही.

‘खर्रर्र’ मात्र वेगळा. तो लोखंडावर लोखंड घासल्याचा. तो ब्रेक दाबल्यावर वाढतो, कधी पायालाही जाणवतो. तेव्हा पॅड बदलायची वेळ येऊन गेलेली असते.

दोन आवाज निरुपद्रवी आहेत, त्यांना घाबरू नका. पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी काढली की पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखरते. डिस्कवर रात्रीत धरलेला गंज निघतो आणि आवाज जातो. दुसरा खड्याचा. मुरमाच्या रस्त्यावरून आलात की बारीक खडा डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये अडकतो आणि गाडी अशी किंचाळते की रस्त्यावरची माणसं वळून बघतात. पण तो आवाज चाकाबरोबर सतत येतो, ब्रेक दाबण्या-सोडण्याशी त्याचा संबंध नसतो. गाडी थोडी मागं-पुढं केली की बहुतेकदा खडा पडतो. घाटात माझं निदान इथंच चुकलं. ब्रेक दाबला तरच येणारा आवाज खड्याचा नसतो.

पायालाही काही गोष्टी कळतात. ब्रेक मारताना पेडल किंवा स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्क एकसारखी जाड राहिलेली नाही. २०१९ नंतरच्या गाड्यांत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असतो, त्यात अगदी जोरात ब्रेक मारल्यावर पेडल धडधडतं. ते काम चालू असल्याचं लक्षण, रोजच्या हलक्या ब्रेकला थरथर आली तर मात्र दाखवा. गाडी एका बाजूला ओढत असेल, किंवा प्रवासानंतर एका चाकाजवळ तळहात नेल्यावर दुसऱ्यापेक्षा जास्त धग लागत असेल, जळका वास येत असेल, तर कॅलिपर अडकलाय. हात जवळ न्यायचा, लावायचा नाही; घाट उतरून आलेली डिस्क तव्यापेक्षा तापलेली असते. आणि पेडल स्पंजासारखं दबत असेल तर तो पॅडांचा प्रश्न नाही, ऑइलमध्ये हवा आहे. त्यासाठी उद्याची वाट बघायची नाही.

आता डोळ्यांनी बघू

वेळ सकाळची. एक तर डिस्क थंड हवी, म्हणजे गाडी रात्रभर उभी असलेली बरी. दुसरं, मे महिन्यात दुपारी आपल्याकडचं डांबर मऊ होतं आणि त्यात जॅकचा पाय रुततो. हे मी ऐकीव सांगत नाही.

सुरुवात बोनेटपासून करा, कारण तिथं हात काळे होत नाहीत. ब्रेक ऑइलची छोटी पांढरट डबी बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या भिंतीजवळ असते. तिच्यावर वरची आणि खालची अशा दोन खुणा असतात. पॅड झिजलं की पिस्टन तेवढा बाहेर येऊन राहतो आणि त्याच्या मागची जागा ऑइल भरून काढतं, म्हणून डबीतली पातळी हळूहळू खाली येते. पातळी खालच्या खुणेजवळ आली म्हणजे एक तर पॅडं झिजलीत किंवा कुठंतरी गळतंय. डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा वळणावर किंवा चढावर लुकलुकत असेल आणि हँडब्रेक पूर्ण खाली असेल, तर तोही हेच सांगतोय.

इथं लोक काय करतात? वरून ऑइल ओततात. दिवा विझतो, मन शांत होतं, पॅडं तशीच. पुढं नवीन पॅडं बसवताना पिस्टन मागं ढकलले की ते जादा ऑइल डबीतून वर येऊन सांडतं, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी मारा. आणि त्या डबीत मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ब्रेक ऑइल जातं, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइलचा एक थेंबही गेला तर आतली रबरं फुगतात.

मग चाकं. अलॉय व्हील असतील तर चाक न काढताही निम्मं काम होतं. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि आऱ्यांमधून कॅलिपरकडं बघा. बाहेरचं पॅड दिसेल. आता स्टिअरिंग उलट बाजूला वळवा, म्हणजे चाकाची मागची बाजू उघडी पडेल. फोन हातात धरून चाकाच्या मागं न्या आणि व्हिडिओ काढा. डोकं घालायची गरज नाही. व्हिडिओ थांबवून मोठा करून बघितला की पिस्टनच्या पुढं आतलं पॅड दिसतं. पहिल्या दोन-तीन वेळा काय बघतोय तेच कळणार नाही, हरकत नाही. मग डिस्क शोधायची, तिला दोन्हीकडून काय चिकटलंय ते बघायचं, म्हणजे सापडतं.

लोखंडी चाकं आणि वर प्लॅस्टिकचे कॅप असतील तर चाक काढावंच लागतं. सपाट, कठीण जागा बघा. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरला टाका, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा. वर उचलल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून हलते. जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा, दाराच्या खालच्या कडेला तिथं खाचा असतात. जॅकच्या खाली जाड फळी द्या. वीट देऊ नका, वीट फुटते. चाक निघालं की ते आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवा, म्हणजे जॅक सुटलाच तर गाडी चाकावर बसेल. गाडीच्या खाली अंगाचा कुठलाही भाग न्यायचा नाही. काम फक्त चाकाच्या पोकळीत.

कॅलिपरच्या पाठीवर बहुधा एक खिडकी असते. तिच्यातून वरून बघितलं की डिस्क मधोमध आणि दोन्हीकडं दोन पॅडं, सँडविचसारखी. आता मोजणं. मोजपट्टी आत जात नाही, म्हणून मी एटीएम कार्डाचा हिशेब वापरतो. साधं, अक्षरं उठलेली नसलेलं कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. अशी चार कार्डं एकावर एक धरली की ३ मिलिमीटर. ती चळत खिडकीजवळ धरायची आणि पॅडच्या मटेरियलशी नजरेनं ताडून बघायची. चारही पॅडं बघा, दोन डावीकडची, दोन उजवीकडची, आणि जे सर्वांत पातळ असेल तेच खरं धरा. सरासरी काढत बसू नका.

चळतीच्या दुप्पट, म्हणजे ६ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर चाक लावा आणि चहा प्या. ४-५ असेल तर गाडी चालवायला हरकत नाही, पण महिन्याभरात गोवा किंवा महाबळेश्वर ठरलं असेल तर जायच्या आधीच बदलून घ्या. घाटात झीज झपाट्यानं होते. ३ ला बदलायचीच. कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये शेवटची मर्यादा कधी कधी याहूनही कमी लिहिलेली असते, पण ती शेवटची मर्यादा आहे. पॅड पातळ झालं की उष्णता अडवणारं मटेरियलही कमी होतं आणि ती थेट पिस्टनकडं, ऑइलकडं जाते. २ किंवा कमी असेल तर हायवेला जाऊ नका, आणि पट्टी टेकली असेल तर गाडी फक्त गॅरेजपर्यंत, कमी वेगानं.

एकाच चाकाच्या दोन पॅडांत दोन मिलिमीटरहून जास्त फरक दिसला, तर जाड पॅड किती उरलंय याला अर्थ नाही. पिना अडकल्यात. पॅड तिरपं झिजलं असेल, एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ, तरी तेच.

तेवढ्यात डिस्कही बघून घ्या. थंड आहे याची खात्री करून तिच्यावरून बोट फिरवा. बारीक रेघा चालतात. नखं अडकावीत अशा सऱ्या, निळसर डाग, बाहेरच्या काठाला उभा राहिलेला जाड कंगोरा, यांतलं काही असेल तर मिस्त्रीला डिस्क मापायला सांगा. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच बारीक अक्षरांत कोरलेली असते. कॅलिपरला जाणारा रबरी पाइप भेगाळलाय का, कुठं ओल आहे का, हेही बघा. साचलेली काळी भुकटी फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू देऊ नका. ती श्वासात जाऊ नये. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या.

चाक परत लावताना नट आधी हातानं फिरवा, मग समोरासमोरचे असे आळीपाळीनं आवळा. शेवटचा जोर गाडी जमिनीवर टेकल्यावर.

मागच्या ड्रमचं थोडक्यात. त्यात पॅडऐवजी लायनर असतात आणि ड्रम काढल्याशिवाय नीट दिसत नाहीत. पुढच्यांपेक्षा ते बरेच जास्त टिकतात, कारण ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढं झुकतं आणि जास्त काम पुढची चाकंच करतात. घरच्या घरी एवढंच करा: हँडब्रेक ओढताना टिकटिक मोजा. पूर्वी पाच-सहा टिकटिकीत घट्ट व्हायचा आणि आता नऊ-दहा लागतात, तर पुढच्या सर्व्हिसिंगला ड्रम खोलून घ्या.

गॅरेजमध्ये काय बोलायचं

‘ब्रेक बघा जरा’ असं म्हणू नका. त्याचं उत्तर ‘बघितला, ओके आहे’ एवढंच येतं. असं म्हणा: “मिस्त्री, पुढची दोन्ही चाकं काढा, आतलं आणि बाहेरचं पॅड मला दाखवा, पिना मोकळ्या आहेत का तेही बघा.” एवढं बोललं की समोरच्याला कळतं, गिऱ्हाईक बघून आलंय. बोलण्याचा सूर मात्र गोड ठेवा. आपल्याकडं मिस्त्रीला शिकवायला गेलं की तो पाना खाली ठेवतो.

पॅडं नेहमी दोन्ही चाकांची एकदम बदलायची. एकाच बाजूची बदलली तर ब्रेक मारताना गाडी ओढते. कुठली घ्यायची? कंपनीची ओरिजिनल, किंवा बॉश, राणे, ब्रेम्बो अशा नावाजलेल्या ब्रँडची, आणि तुमच्या गाडीच्या मॉडेल व वर्षाप्रमाणे पार्ट नंबर जुळवून. सुट्या पिशवीतली, डबा नसलेली, ‘तीच आहेत, फक्त पॅकिंग नाही’ म्हणणारी घेऊ नका. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा.

नवीन पॅडं घालताना पिना काढून, पुसून, ब्रेकचंच उष्णता सोसणारं ग्रीस लावून बसवायला सांगा. साधं ग्रीस उष्णतेनं वितळतं आणि रबर फुगवतं. घाईच्या गॅरेजात हेच काम टाळलं जातं, कारण ते बाहेरून दिसत नाही. ते टाळलं की नवीन आतलं पॅडही जुन्यासारखंच आधी संपणार. ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर तेही याच वेळी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी मिसळलं की लवकर उकळतं. नवीन डॉट ४ ऑइलचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात ऑइल उकळून वाफ झाली की पेडल दाबूनही काही होत नाही.

जुनी पॅडं मागून घ्या. ती तुमचीच आहेत, आणि त्यांच्याकडं बघून गाडीचं दुखणं कळतं. माझं ते घासलेलं पॅड घरी वीजबिलांवर वजन म्हणून ठेवलंय. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

आता सर्वांत महत्त्वाचं. पॅडं बदलून झाल्यावर गाडी हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल पाच-सात वेळा दाबा, घट्ट लागेपर्यंत. पिस्टन मागं ढकललेले असतात, त्यामुळं पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. मिस्त्रीनं दाबलं असेल, तरी तुम्ही दाबा.

नवीन पॅडं लगेच पूर्ण पकडत नाहीत. पहाटे मोकळा रस्ता बघून, मागं कुणी नाही याची आरशात खात्री करून, ५० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम जोरानं ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका. मग पुन्हा वेग घ्या, थोडं अंतर जाऊ द्या, पुन्हा. असं आठ-दहा वेळा. त्यानंतर काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून डिस्क गार होऊ द्या, आणि लगेच गाडी धुवायला नेऊ नका. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून अंतर जरा जास्त ठेवा. थोडा वास, थोडी कुरकुर पहिल्या दिवशी येते, मग जाते. आठवड्यानंतरही चींचीं राहिली तर परत दाखवा.

शंभरेक किलोमीटर झाले की चाकाचे नट एकदा पुन्हा आवळून बघा. आणि ग्लोव्ह बॉक्समधल्या सर्व्हिस बुकच्या शेवटच्या पानावर पेनानं लिहून टाका: तारीख, किलोमीटर, चार जुन्या पॅडांची उरलेली जाडी, आत-बाहेर वेगवेगळी. माझ्या वहीत त्या बुधवारची नोंद अशी आहे: डावं बाहेर ५, डावं आत ०, उजवं बाहेर ५, उजवं आत २.